जोडीतली दुसरी चादर

सोलापूर,
१४ डिसेंबर २०२५

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "आई, मामा नक्की काय करायचे गं?" मी म्हणाले, इंजिनियर होते. तू नुसतं "हं" केलंस आणि माझ्या लक्षात आलं की हे काही उत्तर झालं नाही. मार्चमध्ये दादा गेला तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण हेच म्हणत होता, अमेरिकेत मोठे इंजिनियर होते ना. तुला आठवतो तो तीन-चार वर्षांनी एकदा येऊन सुटकेसमधून चॉकलेटं आणि शांपूच्या बाटल्या काढणारा मामा. म्हणून आज मागचं आवरून लिहायला बसले आहे. लिहायला आणखीही एक कारण झालंय, ते पुढे सांगते.

आमचं साखर पेठेतलं दोन खोल्यांचं घर तू पाहिलेलं नाहीस. आजूबाजूला सगळी तेलुगू विणकरांची वस्ती. त्यांचे वाडवडील निजामाच्या तेलंगणातून पोटासाठी सोलापुरात आलेले. शेजारच्या काकांची आजी तर इथे साठ वर्षं काढूनही 'आमच्या गावी' म्हणाली की तेलंगणाबद्दलच बोलायची. दिवसरात्र मागांची खटखट चालायची, आणि ती थांबली की आम्हाला झोपेतून जाग यायची.

आप्पा गिरणीत विणाई खात्यात होते. तिथल्या आवाजाने चाळिशीच्या आतच त्यांचे दोन्ही कान गेले. जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, मारलेली हाकसुद्धा ऐकू येईना, तेव्हा नोकरी सुटली. मग ते घरी बसून चादरींची जेकार्डची कार्डं पाडून द्यायला लागले. हे काम तुला नीट सांगते, कारण तुझा सगळा मामा त्यात आहे.

चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर रंगवतात. कागदावरची एक आडवी ओळ म्हणजे बाण्याचा एक आडवा धागा, आणि त्या एका धाग्यासाठी पुठ्ठ्याचं एक कार्ड. रंगवलेल्या घराला भोक पाडायचं, रिकामं घर तसंच सोडायचं. मागावर भोक समोर आलं की तिथला हूक वर जातो आणि ताण्याचा उभा धागा उचलला जातो. भोक नसेल तर धागा खालीच राहतो. अशी शेकडो कार्डं दोऱ्याने ओवली की त्यांची माळ होते. ती मागाच्या डोक्यावर फिरत राहते आणि खाली कापडावर मोर उतरत जातो. आप्पा लोखंडी पट्टीवर पुठ्ठा बसवायचे, पंच धरायचे आणि हातोडीचा एकच ठोका. टिकल्या खाली पडायच्या, त्या मी डबीत भरून भातुकलीत पैसे म्हणून वापरायची. माळ ओवायचं काम दादाचं. एखादं कार्ड उलटं गेलं तर आप्पा ओरडत नसत. माळ पुढ्यात टाकायचे आणि म्हणायचे, "भोक चुकलं की फूल चुकतं."

दादाचा जन्म १९४२ चा. त्याच वर्षी ९ डिसेंबरला आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये गेले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. ही गोष्ट आमच्या आजीच्या डोक्यात इतकी घट्ट बसली होती की पुढे दादाने परदेशाचं नाव काढलं तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. "कोटणीसांचा मुलगा गेला तो परत आला का?" एवढंच विचारायची. ती जाईपर्यंत तिची समजूत कुणालाच घालता आली नाही.

दादा शिष्यवृत्तीवर मुंबईला, माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये शिकला, विषय कापड-तंत्र. मग दोन वर्षं मुंबईच्या एका गिरणीत नोकरी केली. अमेरिकेचं दार तेव्हा नुकतंच उघडलं होतं. १९४६ च्या कायद्याने वर्षाला फक्त १०० भारतीयांना तिथे स्थायिक होता यायचं. १९६५ च्या ऑक्टोबरात नवा कायदा झाला आणि शिकलेल्या माणसांना वाट मिळाली. दादाने मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल गावच्या तांत्रिक संस्थेत अर्ज केला. ती मुळात कापड-शिक्षणासाठीच काढलेली संस्था. १९६७ च्या जुलैत पत्र आलं, महिन्याच्या आत निघायचं होतं. आईच्या पाटल्या गेल्या, तिकीट आलं. बरोबर न्यायला सरकारने परवानगी दिलेले आठ डॉलर.

त्या महिन्यात आप्पांनी एक चादर केली. दादा मुंबईतच कागदपत्रांच्या मागे होता, त्यामुळे त्याला काही माहीत नव्हतं. आप्पांनी नक्षी स्वतः काढली: कमान, कमानीखाली मोर, आणि त्याच्याखाली पाण्यात पडल्यासारखा उलटा मोर. रात्री कंदील जवळ ओढून कार्डं पाडली. ओवायला दादा नव्हता, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी अठरा वर्षांची. दोन रात्रींत माळ संपली, तेव्हा मी खुणेने विचारलं, एवढीच? आप्पा म्हणाले, "पुरतील." शेजारच्या काकांनी आपल्या हातमागावर ती विणून दिली आणि मजुरी घेतली नाही. सोलापुरात चादर जोडीने घ्यायची पद्धत, म्हणून त्यांनी दोन विणल्या. आईने जोडी फोडली. एक दादाच्या ट्रंकेत गेली, एक आमच्या पेटीत राहिली.

लोवेलचं पहिलं पत्र मी आप्पांना मोठ्या अक्षरात उतरवून दिलं होतं, म्हणून ते मला जवळजवळ पाठ आहे. दादाने लिहिलं होतं, गाव आपल्यासारखंच आहे. नदी, कालवे, गिरण्यांची लालविटी धुराडी. फक्त भोंगा नाही, गिरण्या बंद आहेत. लोवेलच्या गिरण्या १८२० च्या दशकात सुरू झालेल्या, आपल्या सोलापूरची 'जुनी मिल' १८७७ ची. मी पुढे तीस वर्षं इतिहास शिकवला. अमेरिकेतल्या यादवीत तिकडचा कापूस अडला आणि आपल्याकडच्या कापसाचे भाव आभाळाला भिडले, हे वर्गात सांगताना मला दर वर्षी लोवेल आठवायचं.

दुसऱ्या वर्षी पत्र आलं त्यात एक कार्ड होतं. जाड कागदाचं, त्यावर लहान चौकोनी भोकं. दादाने लिहिलं होतं, "आप्पा, इथे कॉम्प्युटर नावाचं यंत्र आहे, त्यालाही कार्डंच घालावी लागतात. एका कार्डावर ऐंशी उभे रकाने. मला शिकायला वेळ लागला नाही." आप्पांनी ते कार्ड उजेडासमोर धरून बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडून लिहून घेतलं, "भोकं बारीक आहेत. हातोडी जपून मार." फ्रान्समधल्या लियाँच्या जाकारने १८०४ साली मागासाठी जी कार्डं वापरात आणली, त्याच विचारावर पुढे हॉलरिथने १८९० च्या अमेरिकन जनगणनेची यंत्रं चालवली, हे मला खूप नंतर कळलं. आप्पांना ते बघताक्षणी कळलं होतं.

दादाचं पुढचं सगळं आयुष्य याच कामात गेलं. कापडाचा धंदा तिथून उठत चालला होता, म्हणून तो यंत्रांना हुकूम देणाऱ्या यंत्रांकडे वळला. त्या भागात रिकाम्या गिरण्यांत कॉम्प्युटर कंपन्या बसल्या होत्या. मेनार्ड गावात 'डिजिटल' ही कंपनी १९५७ साली जुन्या लोकरीच्या गिरणीतच सुरू झाली होती. दादाची कंपनी त्यामानाने लहान, पण जागा तशीच. "आप्पांना सांग, मीही गिरणीतच कामाला जातो," असं त्याने मला लिहिलं होतं. कारखान्यातल्या यंत्राने केव्हा थांबायचं, केव्हा वेग घ्यायचा, हे ठरवणाऱ्या पेट्या तो तयार करायचा. तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर हे.

वहिनी बार्शीच्या. लग्न १९७१ चं. गेल्या तेव्हा त्यांनी कपडे कमी करून लोखंडी खलबत्ता नेला, शेंगांच्या चटणीसाठी. खाली राहणाऱ्या बाईंनी कुटण्याच्या आवाजाची तक्रार केली, तेव्हा वहिनी खलबत्त्याखाली उशी ठेवून चटणी कुटायला लागल्या. दोन मुलं, बर्फ, नोकरी आणि दर संकष्टीला चंद्र शोधणं, हे सगळं त्यांनी हाताशी कुणी नसताना केलं. दादाचं कौतुक करणाऱ्यांनी त्यांचं नाव कधी घेतलं नाही. तू त्यांना दर आठवड्याला फोन करत जा.

आता जे लिहायचं आहे ते मी आजवर तुला सांगितलेलं नाही. १९७४ च्या भाद्रपदात आप्पा गेले. तार केली. दादा आला नाही. दिवसांना आला नाही, वर्षश्राद्धाला आला नाही. आला तो १९७६ च्या डिसेंबरात, तू माझ्या पोटात होतीस. मी त्याला पाणी दिलं, जेवायला वाढलं, पण बोलले नाही. पुढे बोलायला लागले, तरी आत गाठ होतीच. आप्पांना ऐकू येत नव्हतं म्हणून कधी ट्रंककॉलही नाही, सगळं पत्रातच. आणि शेवटी तर पत्रही उशिरा आलं. ही गाठ मी चौतीस वर्षं बाळगली. २००३ साली त्याने मला तिकीट पाठवून बोलावलं तेव्हाही ती घेऊनच गेले.

त्या वेळी त्याने मला लोवेलची बूट नावाची कापडगिरणी दाखवली. बंद गिरणीचं त्यांनी संग्रहालय केलंय आणि एका दालनात ८८ यंत्रमाग उभे आहेत. त्यातले काही चालू ठेवतात, म्हणजे लोकांना आवाज कळावा. दारात कानात घालायचे बोळे देतात. दादाने घेतले नाहीत. आत जाऊन तो मागांच्या मधोमध उभा राहिला. माझ्याशी काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही. बाहेर आल्यावर विचारलं तर म्हणाला, "पाच मिनिटं उभ्या राहणाऱ्या माणसाला हे लोक बोळे देतात गं. आप्पांना कुणी कापूस दिला नाही. कापसाच्या गिरणीत." रस्त्यावरच डोळे पुसत होता. एकसष्ट वर्षांचा माणूस.

तिथून तो मला कालव्याच्या दाराशी घेऊन गेला. जेम्स फ्रान्सिस नावाचा इंग्रज मुलगा १८३३ साली, अठराव्या वर्षी अमेरिकेत आला आणि पुढे लोवेलच्या कालव्यांचा मुख्य इंजिनियर झाला. त्याच्या नावाचं टर्बाइन आज जगभर वीज करतं. १८५० मध्ये त्याने पुराला अडवायला एक अवाढव्य लाकडी दार बांधलं. लोकांनी त्याला फ्रान्सिसचा वेडेपणा म्हटलं. दोनच वर्षांत पूर आला, दार खाली सोडलं आणि गाव वाचलं. १९३६ च्या महापुरात तेच दार पुन्हा कामाला आलं. दादा त्या लाकडावर हात ठेवून उभा होता, आपल्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा.

२००६ साली तो निवृत्त झाला. बरोबरीची माणसं गोल्फ खेळायला लागली, गरम हवेच्या गावी घरं घ्यायला लागली. दादाने गाडी गॅरेजबाहेर काढली आणि आत हातमाग उभा केला. लाकडी सांगाडा जुना विकत घेतला, पण त्यावरचं जेकार्ड स्वतः बनवलं: हूक, सुया, कार्डांचा फिरता चौकोनी ठोकळा, सगळं. दोनशे हूक होते आणि एकेक त्याने हाताने वाकवला होता. जे काम कॉम्प्युटरने एका दिवसात झालं असतं, ते त्याला पुठ्ठा आणि पंच घेऊनच करायचं होतं. वहिनींची गाडी चार हिवाळे बर्फात उभी राहिली आणि त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही.

त्याला आप्पांची चादर पुन्हा विणायची होती. त्याच्याकडची वापरून वापरून मधे विरली होती, नक्षी फक्त कडेला वाचता येत होती. जोडीतली दुसरी माझ्या पेटीत. म्हणून २००८ च्या नोव्हेंबरात त्याने फोन केला, "मोजून देशील का?"

मी वर्षापूर्वीच शाळेतून निवृत्त झाले होते. रोज सकाळी आठला, म्हणजे त्याच्या रात्री साडेनऊला, फोन यायचा. मी चादर खिडकीशी पसरून, भिंग घेऊन, चालू ओळीला टाचणी लावून बसायची. "भरलेली तीन. रिकामी दोन. भरलेली सात." तो पलीकडे लिहून घ्यायचा आणि परत वाचून दाखवायचा. दिवसाला चार-पाच ओळी व्हायच्या. मग फोन ठेवायचा कुणालाच सुचायचं नाही. अशाच एका सकाळी त्याने स्वतःहून सांगितलं. १९७४ मध्ये तार पोचली त्याच्या आदल्या महिन्यात त्याची नोकरी गेली होती. तेलाच्या भाववाढीनंतरची मंदी होती. वहिनींना आठवा महिना, हातात दोन महिन्यांचं भाडं, कायम राहण्याचे कागद अडकलेले. बाहेर पडला असता तर परत आत घेतील याची खात्री नव्हती. आम्हाला कळवलं नाही, कारण आईने पाटल्या विकल्या होत्या. मी विचारलं, "मला तरी लिहायचंस." तो म्हणाला, "तूच तर आप्पांना माझी पत्रं उतरवून द्यायचीस. तुला लिहायचं म्हटलं की ते समोर यायचे, आणि आता ते नव्हते." त्या दिवशी आम्ही ओळी मोजल्या नाहीत.

जानेवारीत १४० वी ओळ झाली. पुढची वाचायला लागले तशी दादाने मला थांबवलं. "थांब. ही कालचीच ओळ." मी म्हटलं, नाही, टाचणी लावलेली आहे. त्याच्या पुढची वाचली, तीही त्याला ओळखीची. बराच वेळ पलीकडून नुसता कागदांचा आवाज येत होता. मग तो एकदम ओरडलाच, "अगं, कार्डं अर्धीच आहेत! १४० पर्यंत माळ पुढे न्यायची आणि तिथून उलटी फिरवायची. म्हणून खालचा मोर उलटा!" तेव्हा मला ती दोन रात्रींत संपलेली माळ आठवली, कंदील आठवला, आणि आप्पांचं 'पुरतील'. महिन्यात २८० कार्डं पाडून होणार नव्हती, म्हणून त्यांनी नक्षीच अशी काढली होती की जाताना जी कार्डं, तीच येताना. दादा म्हणाला, "मी पदवी घेतली गं. इंजिनियर आप्पा होते."

चादर २०११ मध्ये पुरी झाली. त्याचा माग अरुंद, त्यामुळे दोन पट्ट्या विणून मधे शिवल्या आहेत. २०१२ च्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेला, तो ती घेऊन आला. अक्षता सोहळ्याला बाराबंदी घालून संमती कट्ट्यापाशी उन्हात उभा होता, नंदीध्वजांच्या साती उंच काठ्या समोरून जाईपर्यंत हलला नाही. घरी आल्यावर दोन्ही चादरी शेजारी शेजारी पसरल्या. शेजारच्या काकांचा मुलगा मुद्दाम बघायला आला होता. अंगठा घासून बघितला आणि म्हणाला, "हात घट्ट आहे." दादाने ते वाक्य तिकडे गेल्यावर वहिनींना तीन वेळा सांगितलं म्हणे.

आता ते दुसरं कारण. परवा दादाच्या मुलीने पाठवलेलं खोकं आलं. माग तिने स्वतःकडे ठेवलाय, तिच्या मुलाला शिकायचंय. लहानपणी मराठी बोलायला लाजणारी ती, पण त्या १४० कार्डांची माळ तिने वडिलांबरोबर बसून ओवली होती. ती माळ तिने मला पाठवली आहे. चिठ्ठीत लिहिलंय, बाबांनी सांगितलं होतं की एकदा तरी ही सोलापूरच्या मागावर चढू दे. काकांच्या मुलाकडे एक हातमाग अजून उभा आहे, तो चढवून बघतो म्हणालाय. पण प्रवासात माळ तीन ठिकाणी तुटली, कार्डं सुटी झालीत, काहींचा क्रम गेलाय. माझ्या बोटांना आता सुई धरवत नाही.

तर तू १२ जानेवारीला ये, नातवालाही आण. यंदा त्याला नंदीध्वज बघू दे. पण आधी दोन रात्री बसून आपण माळ ओवू. दोरा मी कन्ना चौकातून मेण लावलेला आणून ठेवला आहे. क्रम लावायला अडचण येणार नाही, दादाने प्रत्येक कार्डामागे पेन्सिलीने आकडा घातलाय. पहिल्या कार्डावर आकड्याखाली लिहिलंय, 'इथून निघायचं.' १४० व्यावर, 'इथून परत.'

तिकिटं आजच काढ, गड्ड्याच्या दिवसांत गाड्या भरलेल्या असतात. आणि येताना तुझा तो वाचायचा टेबललॅम्प घेऊन ये, माझ्या खोलीत उजेड कमी पडतो.

तुझी,
आई